दारात थांबणारी घोडी

हिंमतराव दफेदार फोन न करता स्वतः चालत आले, तेव्हाच भाऊराव इंगळ्यांनी ओळखलं की मागणं लहानसहान नसणार. फौजेच्या घोडदळातून निवृत्त झालेला हा माणूस दोन वर्षांपासून दुसरबीडच्या शाळेमागच्या मैदानावर पोरापोरींना घोड्यावर बसायला शिकवत होता. नोकरी संपली होती, मिशा मात्र अजून फौजेतच होत्या. त्यांच्या मागोमाग स्कूटीवर दोन पोरी आल्या. एक भाऊरावांच्याच गल्लीतली समता, दुसरी मोठ्या रस्त्यावरच्या वामनरावांची नात छकुली. दोघी बारावीला होत्या. भाऊरावांना त्यांनी नमस्कार केला खरा, पण डोळे सारे अंगणातल्या निंबाखाली बांधलेल्या घोडीवर होते.

मागणं असं होतं. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी बुलढाण्याला घोडेस्वारीची स्पर्धा होती, आणि ज्यानं त्यानं आपापलं जनावर न्यायचं होतं. वर्गात घोडे दोनच. त्यातला एक परवा नांगरलेल्या रानात शिरला आणि पाय मुरगळून बसला. उरलेल्यावर पोरं बसणार होती, या दोघींना घोडं नव्हतं. वर्षभर पहाटे उठून केलेली मेहनत वाया जाणार, असं दफेदार म्हणाले. पुढच्या वर्षी दोघी कॉलेजला बाहेर जातील आणि वयातही बसणार नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. तीन आठवड्यांसाठी भाऊरावांची घोडी, कवडी, मिळाली तर काम होईल, असं म्हणून ते गप्प बसले. फौजेतल्या माणसाला गळ घालणं जमत नाही, ते काम त्यांनी पोरींच्या तोंडांवर सोपवलं होतं.

भाऊराव 'पाहू' म्हणाले. गेल्या काही वर्षांत त्यांचं हेच एक उत्तर झालं होतं. मुलगा प्रसेनजित नागपूरहून फोन करून म्हणे, बाबा, इकडं या राहायला, तरी पाहू. विहाराच्या कमिटीवाले म्हणत, यंदा अध्यक्ष व्हा, तरी पाहू. एसटीच्या आगारात चौतीस वर्षं गाड्यांखाली आडवं पडून काढल्यावर माणसाच्या अंगात जो शीण मुरतो, तो निवृत्त झाल्यावर निघून जाईल असं त्यांना वाटलं होतं. तो गेला नाही. उलट मोकळा वेळ पाहून चांगला ऐसपैस बसला.

घोडी म्हातारी आहे, पंधराची झाली, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी कळवून पाहिलं. दफेदार मेहकरहून जनावरांचे डॉक्टर घेऊन आले. डॉक्टरांनी कवडीचे चारी पाय चाचपले, दात पाहिले, तिला अंगणात दुडकी चालवून पाहिली आणि म्हणाले की काका, तुमच्यापेक्षा तिचे गुडघे चांगले आहेत. भाऊरावांनी मान डोलावली. एवढी सोपी पळवाट होती, तीही एका तरण्याताठ्या डॉक्टरनं बुजवून टाकली.

मग मैदानावर नेऊन पाहायचं ठरलं, आणि खरं काय ते तिथं निघालं.

मैदानात बांबू रोवून आठ फाटकं केली होती. दोन खांब, वर आडवा बांबू, त्याला लाल-पांढऱ्या चिंध्या. त्यांतून नागमोडी घोडं काढायचं आणि नव्वद सेकंदांत परत यायचं. छकुली खोगिरावर बसली. कवडी निघाली ती अशी झकास निघाली की भाऊरावांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं. लग्नाच्या गर्दीत पावलापावलानं चालणारी ही घोडी आपल्या पोटात एवढी धाव ठेवून होती, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आणि पहिल्या फाटकाशी येऊन ती थांबली. अडखळली नाही, बुजली नाही, नुसती थांबली. मान खाली घातली, उजवा पाय किंचित पुढं टाकला आणि उभी राहिली. छकुलीनं टाचा लावल्या, चुचकारलं, लगाम ढिला केला. कवडीचा कान हलला, तेवढंच. मैदानाभोवती बसलेली पोरं हसायला लागली.

समता धावत गेली. तिला माहीत होतं, गल्लीतलीच ती. तिनं आपल्या बाटलीतलं पाणी घोडीच्या खुरांवर ओतलं, खिशातून गुळाचा खडा काढून तोंडाशी धरला. कवडीनं गूळ खाल्ला आणि डौलात फाटकातून पलीकडं गेली. दुसऱ्या फाटकाशी पुन्हा थांबली. समता पुन्हा बाटली घेऊन धावली. आठ फाटकांना सव्वासहा मिनिटं लागली आणि दोन बाटल्या संपल्या. दफेदारांनी घड्याळ खिशात टाकलं. पोरींना हसू आवरत नव्हतं, पण शेवटच्या फाटकाशी छकुली खाली उतरली तेव्हा तिचा चेहरा रडवेला झाला होता.

"ही सवय पंधरा दिवसांत मोडते," दफेदार भाऊरावांजवळ येऊन म्हणाले. "मुरलेली आहे, पण मोडते. तुम्ही फक्त हो म्हणा."

भाऊरावांनी घोडीचा दोर हातात घेतला आणि उद्या सांगतो म्हणाले.

ही सवय म्हणजे काय चीज आहे, हे दफेदारांना माहीत असायचं कारण नव्हतं. ते मलकापूरकडचे, इथं लेकीच्या गावी येऊन राहिलेले. छकुलीलाही माहीत नव्हतं. तिला ती गंमत वाटे. आमच्या आजीच्या दारात घोडी कशी शहाण्यासारखी थांबते, याचा व्हिडिओ तिनं कितीकांना पाठवला होता.

भाऊरावांचं लग्न झालं त्या साली गल्लीतल्या कुणाकडं घोडं नव्हतं. शेजारच्या गावच्या एका घोडीवाल्याला त्यांच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं. लग्नाच्या सकाळी त्याचा निरोप आला की घोडी आजारी आहे. ती घोडी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका वरातीत छान नाचताना लोकांनी पाहिली. तिला आजारी पाडणारा निरोप कुणाच्या घरून गेला होता हे कुणी बोललं नाही, पण वामनरावांचं नाव सगळ्यांच्या मनात होतं. भाऊराव सायकलवर बसून, मागच्या बोळीनं, विहाराला गेले आणि तिथून लग्नाला. मोठ्या रस्त्यानं जाऊ नका, कशाला उगाच, असं वडीलच म्हणाले होते. त्यांना वडिलांचा राग आला नाही. वडिलांचा तेव्हाचा चेहरा मात्र अजून डोळ्यांपुढून जात नसे.

म्हणून प्रसेनजितच्या लग्नाच्या एक वर्ष आधी ते सारंगखेड्याच्या बाजारात गेले आणि दोन वर्षांची ही शिंगी घेऊन आले. कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका, म्हणून नाव कवडी. घोड्यांतलं त्यांना काही कळत नव्हतं. पण इंजिन कळणाऱ्या माणसाला चिकाटी असते. वर्षभर सुट्टीच्या दिवशी ते तिला गल्लीतल्या दारादारांतून फिरवत. प्रत्येक दाराशी उभं करायचं, घरातल्या बाईनं खुरांवर पाणी टाकायचं, गुळाचा खडा द्यायचा, मगच पुढचं पाऊल. नवरदेवाच्या घोडीचे पाय दारोदार धुतात, म्हणून तिला थांबायला शिकवतोय, असं ते सांगत. ओवाळणं वगैरे त्यांना पटत नसे. पाणी मात्र चालेल, म्हणत.

लग्नाच्या दिवशी प्रसेनजितला घोडीवर बसवून ते मोठ्या रस्त्यानं निघाले. पुढं लेझीम, मागं गल्ली सगळी. वामनरावांच्या घराला तेव्हा नवीन मोठं फाटक बसलं होतं. कवडी त्या फाटकासमोर थांबली. मान खाली, उजवा पाय पुढं. लेझीम थांबलं. कुणी म्हणालं ओढा, कुणी म्हणालं राहू दे, दुसऱ्या बाजूनं जाऊ. रस्त्यावर दोन्हीकडून लोक जमले. अर्धा तास घोडी हलली नाही. भाऊराव दोर धरून ओढत होते, म्हणजे ओढताना दिसत होते; दोर ढिला होता हे फक्त त्यांना आणि घोडीला ठाऊक. अर्ध्या तासानं फाटक उघडलं आणि वामनरावांच्या पत्नी विमलबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या. कुणाकडं न बघता त्यांनी घोडीच्या पायांवर पाणी टाकलं आणि आत गेल्या. गूळ त्यांनी आणला नव्हता. तो भाऊरावांनी आपल्या खिशातून दिला.

त्यानंतर बारा वर्षांत गल्लीतल्या बावीस नवरदेवांना कवडीनं त्या दारात थांबवलं. दोन-तीन वर्षांत ती गावाची रीतच होऊन गेली. विमलबाई टाप ऐकली की तांब्या भरूनच येत. वामनराव वारले त्या सालीही त्या आल्या. पुढं इतर दारांतूनही बाया येऊ लागल्या. भाऊराव दरवेळी दोर धरून उभे राहत आणि ते पाणी खुरांवरून मातीत जाताना बघत. बाहेरून पाहणाऱ्याला तो एक म्हातारा घोडीवाला वाटे. आतून त्यांना दरवेळी आपले वडील आठवत आणि दरवेळी थोडं बरं वाटे. एवढ्या वर्षांत एवढीच एक गोष्ट त्यांनी मनासारखी केली होती, आणि ती एका मुक्या जनावराच्या अंगवळणी पाडून ठेवली होती.

आता ती पंधरा दिवसांत मोडायची होती.

उद्या सांगतो म्हणून तीन दिवस झाले. चौथ्या दिवशी समता एकटीच आली. घोडीच्या अंगाला खरारा करता करता म्हणाली की आबा, नाही म्हणायचं असेल तर म्हणा, आम्ही रागावणार नाही. तिची आजी गल्लीत सगळ्यांना त्या दिवसाची गोष्ट सांगते, त्यामुळं घोडी तिथं का थांबते हे तिला माहीत होतं. छकुलीला तिनं सांगितलं नव्हतं. सांगू का, असं तिनं विचारलं. भाऊरावांनी नको म्हटलं. का नको, हे त्यांनाही नीट सांगता आलं नाही. त्या पोरीनं आपल्या आजोबाच्या नावानं मान खाली घालावी असं त्यांना वाटत नव्हतं, आणि कुणाला काही समजावून सांगण्याचा तर त्यांना विलक्षण कंटाळा आला होता.

खरं म्हणजे यंदा घोडीला लग्नं तरी कुठं होती. गेल्या हंगामात दोन. आता नवरदेव वर उघडणाऱ्या मोटारीतून डोकं काढून जातात आणि मोटार कुणाच्या दारात थांबत नाही. येत्या उन्हाळ्यात एक लग्न ठरलं होतं, त्या पोरानंही आधी मोटारीची चौकशी केली होती आणि मग भाऊरावांना वाईट वाटेल म्हणून घोडी सांगितली होती. भाऊरावांना ते कळलं होतं. कुणी आपल्यावर दया करावी इतके आपण कधी म्हातारे झालो, याचा ते दोन दिवस विचार करत होते.

संध्याकाळी जनकाबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. नवरा तीन दिवस नीट जेवत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं, पण स्वतःहून विषय काढला नव्हता. चाळीस वर्षांच्या संसारात त्या क्वचितच स्वतःहून विषय काढत, आणि काढला तर संपवूनच उठत.

"द्यायची काऊन नाही?" त्यांनी विचारलं.

भाऊराव म्हणाले की थांबणं विसरली तर ती मग नुसती घोडी राहील. बाजारात पाहिजे तेवढ्या मिळतात तशी.

जनकाबाई जरा वेळ शेंगा सोलत राहिल्या.

"मले एक सांगा. आपल्याले अजून किती वर्षं त्या दारात उभं राह्यचं आहे?"

भाऊरावांनी समोरची एक शेंग उचलून सोलायला घेतली.

"बाई पाणी टाकून राह्यली बारा वर्षांपासून. पोरी एका गाडीवर फिरून राह्यल्या. तुमीच एकटे अजून दोर धरून उभे आहा," जनकाबाई म्हणाल्या. "पाय दुखत नाहीत का तुमचे?"

दुखत होते. हे वाक्य ऐकून त्यांना राग यायला हवा होता, पण राग यायलाही थोडी ताकद लागते. त्यांना नुसतं वाटलं की हो, दुखतात, फार दुखतात, आणि बसावं कुठं तरी.

सकाळी ते मैदानावर गेले आणि दफेदारांना हो म्हणाले. एकच अट घातली, घोडीला छडी लागता कामा नये. सवय मी लावली आहे, मीच मोडतो. दफेदारांनी त्यांच्याकडं जरा निरखून पाहिलं आणि छडी कुंपणाला टेकवून ठेवली. मग म्हणाले की या फाटकांवर शिकवून काही होणार नाही. ती सगळ्यात घट्ट कुठं थांबते, तिथं न्या. तिथून काढली की ही आठही निघतील.

भाऊराव म्हणाले, बरं.

दुसऱ्या दिवशी कोवळ्या उन्हात ते कवडीला घेऊन मोठ्या रस्त्यानं निघाले. हायवेकडं कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, चहावाल्यानं दुकानापुढं पाणी शिंपडलं होतं. वामनरावांचं फाटक आता जुनं झालं होतं, खालच्या पट्टीला गंज चढला होता. कवडी तिथं येऊन थांबली. मान खाली, उजवा पाय पुढं. भाऊरावांनी दोर ओढला. बारा वर्षांत पहिल्यांदा खरोखर ओढला. घोडीनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. तिला कळेना. दोर ताणलेला असा तिनं या जागी कधी पाहिलाच नव्हता. भाऊरावांनी आणखी जोर लावला. चल बाई, म्हणाले, चल.

टाप ऐकून आतून विमलबाई तांब्या घेऊन आल्या. पंचाहत्तरीच्या पुढं गेलेल्या, कंबरेत वाकलेल्या. घोडीवर नवरदेव नाही हे पाहून त्या फाटकातच थांबल्या आणि आज लग्न कुणाचं, असं विचारलं. भाऊरावांनी सांगितलं की लग्न कुणाचंच नाही. तुमच्या छकुलीला स्पर्धेला घोडी पाहिजे आहे, तिला फाटकाशी थांबायची सवय आहे, ती मोडायची आहे. तेव्हा आज पाणी टाकू नका.

विमलबाई तांब्या तसाच धरून उभ्या राहिल्या. घोडीनं त्यांच्याकडं पाहून उजवा पाय आणखी जरासा पुढं केला.

"पह्यल्या दिवशी मले बाहेर याले अर्धा घंटा लागला," त्या म्हणाल्या. आवाज सपाट होता, धान्याचा भाव सांगावा तसा. "तुमाले वाटलं असंल बाई आतमंदी बसून राह्यली. मी दाराच्या मांग उभी होती. हाच तांब्या होता. ह्यांनी कडी धरून ठेवली होती."

हे बारा वर्षांत त्या कुणाशी बोलल्या नसाव्यात. त्या आत बसून होत्या असं धरूनच भाऊराव इतकी वर्षं त्यांच्या दारात उभे राहिले होते.

"मंग सोडली कशी?" त्यांनी विचारलं.

"हात दुखले असतील," विमलबाई म्हणाल्या. "मी काही बोलली नाही. नुसती उभी राह्यली."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. मग भाऊराव म्हणाले,

"मी बी त्या दिवशी दोर ओढला नव्हता बाई."

"माहीत आहे," विमलबाई म्हणाल्या. "फटीतून दिसून राह्यलं होतं."

मग त्यांनी घोडीच्या पायांकडं पाहून विचारलं की एक शेवटचं टाकू का. भाऊरावांच्या अगदी ओठावर आलं होतं, टाका म्हणून. पण आज टाकलं तर ती कधीच विसरणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं, आणि दुसऱ्यांदा एवढा जीव गोळा करून या दारापर्यंत येणं त्यांच्यानं झालं नसतं. ते नको म्हणाले. विमलबाई तांब्या घेऊन मागं सरल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातानं फाटक लावून घेतलं, म्हणजे घोडीला आशा राहायला नको. फाटक लागल्यावर कवडी बराच वेळ त्याच्याकडं बघत उभी होती. भाऊराव ओढत होते. शेवटी तिनं पाय उचलला, आणि तो इतका हळू उचलला की भाऊरावांना दोर टाकून पळून जावंसं वाटलं.

त्या दिवशी पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं. रोज सकाळी ते तिला त्याच रस्त्यानं नेत, त्याच दारावरून पुढं काढत, आणि पुढं गेल्यावर गूळ देत. गूळ आता दारात नव्हता, दार सोडल्यावर होता. पाचव्या दिवशी ती फक्त मान वळवून थांबल्यासारखी झाली. आठव्या दिवशी मानही वळली नाही. लोक विचारत, भाऊराव, घोडी यंदा थांबत नाही का, आणि भाऊराव म्हणत, शाळेत घातली आहे तिला. घरी येऊन ते भिंतीला टेकून बसत आणि जेवायला हाक मारली तरी उठत नसत. काम फार नव्हतं. पण स्वतःच्या हातानं घातलेला एकेक टाका उसवायचा, यानं माणूस पार थकतो.

मैदानावर मात्र उत्साह होता. दहाव्या दिवशी छकुलीनं आठ फाटकं एकशेतीस सेकंदांत काढली. समतानं त्याहून कमी घेतले. बाराव्या दिवशी दोघीही नव्वदच्या आत आल्या, आणि दफेदारांनी पहिल्यांदा मिशीखालून हसून दाखवलं. छकुलीनं घोडीच्या गळ्याला मिठी मारली, मग भाऊरावांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली की आजोबा, आजीनं सांगितलंय, रविवारी गाडीत ती पण येणार आहे, तुमच्या शेजारची जागा तिच्यासाठी ठेवा. भाऊराव बरं म्हणाले. या वेळी ते 'पाहू' म्हणाले नाहीत.

त्या संध्याकाळी समता कवडीवर बसूनच, मोठ्या रस्त्यानं, गल्लीकडं निघाली. भाऊराव दहा-वीस पावलं मागून, गुडघा सावरत चालत होते. त्यांचं सगळं लक्ष त्या मोठ्या फाटकावर होतं, आणि कवडी तिथून न थांबता पुढं गेली तेव्हा त्यांना समाधानही वाटलं. घरच्या दाराचा विचार त्यांनी केलाच नव्हता. कुणीच केला नव्हता. बाहेरून आली की कवडी आधी या दारात थांबे, जनकाबाई बादलीनं तिचे पाय धुवत आणि मग ती अंगणात जाई. या पंधरवड्यात भाऊराव तिला मैदानावरून मागच्या वाटेनं आणत होते, म्हणून ते राहून गेलं होतं. आज जनकाबाई टाप ऐकून नेहमीसारख्या बादली घेऊन उंबऱ्याशी येऊन उभ्या होत्या.

कवडी आली आणि दारावरून सरळ पुढं निघून गेली. मानही वळवली नाही. कान पुढं, चाल दुडकी, जणू हे कुणाचंही दार. समता गडबडली, लगाम आवळायला लागली आणि मागं वळून म्हणाली, "आबा, थांबवू का तिले?"

भाऊराव रस्त्यात उभे राहिले. थांबव, असं त्यांना म्हणावंसं वाटलं. या एका दारात तरी थांबव. पण घोडीला एक दार आणि दुसरं दार यातला फरक कसा सांगणार.

"नको," ते म्हणाले. "जाऊ दे. वळणावरून फिरवून आण."

समता पुढं गेली. जनकाबाई बादली घेऊन तशाच उभ्या होत्या. भाऊराव हळूहळू दारापर्यंत आले. आता या पाण्याचं काय करू, असं जनकाबाईंनी विचारलं नाही, पण त्या बादलीकडं बघत होत्या. भाऊराव उंबऱ्यावर बसले. त्यांनी चपला काढल्या आणि धुळीनं पांढरे झालेले दोन्ही पाय पुढं केले.

"टाक," ते म्हणाले. "लय दुखून राह्यले."

जनकाबाईंनी जरा इकडंतिकडं पाहिलं, गल्लीत कुणी बघत नाही ना म्हणून. मग त्या वाकल्या आणि त्यांनी सावकाश पाणी टाकलं. पाणी गार होतं.